गुरांच्या मक्याचं आतोल

सोमवारी सकाळी मर्व्हनं आमच्या शेतातलं एक कणीस तोडलं, सोललं, दातानं ओरबाडलं, जरा वेळ चावलं आणि चोथा बांधावर थुंकला.

"बाळ, ही कणसं मान्साची न्हाईत. गुरांची हायती."

मर्व्ह हा रस्त्यापलीकडचा शेजारी. ऐंशी गाई आणि त्यांच्यासाठी दीडशे एकर मका. तो अर्थात इंग्रजीत बोलला. पण ऑन्टॅरिओच्या शेतकऱ्याचं इंग्रजी आमच्या वाळव्याकडच्या बोलीइतकंच रांगडं असतं, त्यामुळं माझ्या कानात ते आपोआप तसंच उतरतं आणि मी तसंच लिहिते. ज्याला शुद्ध इंग्रजी हवं असेल त्यानं ओकव्हिलला माझ्या भाचीकडं जावं.

"काय बोलतुयास?" बाळ म्हणाला. "म्या काल चार खाल्ली. गोड हाय. आक्कानंबी खाल्ली."

"तुमास्नी गोड लागली?" मर्व्हनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या गाई कधी आजारी पडल्या की तो असाच बघत असेल.

मी खाल्ली होती हे खरं. निखाऱ्यावर भाजून, मीठ-तिखट-लिंबू चोळून. दाण्याला चांगला चिवटपणा होता, दात होते तितके कामाला लागले. पन्नास वर्षांनी या देशात मला मका आवडला. तिथंच शंका यायला हवी होती.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, नाव अजून बाळच. लंडनजवळच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या इकडच्या लंडनमध्ये, त्यानं उभी हयात इंजिनांची चित्रं काढली. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. ह्यानं पन्नास एकर घेतली. बायको शुभदा गेल्यावर मी मॉन्ट्रियलचं घर आवरून इथं आले, कारण कुणीतरी ह्याला जेवायला वाढायला हवं आणि कुणीतरी ह्याला मूर्ख म्हणायला हवं. जेवण तो स्वतः वाढून घ्यायला शिकला.

इथं बारा वर्षं काढूनही गावाच्या लेखी तो शेतकरी नव्हता. मर्व्ह शेतकरी, मर्व्हचा बाप शेतकरी. बाळ म्हणजे 'तो छान इंजिनियर'. छान हा शब्द इथले लोक ज्या माणसाकडून काही अपेक्षा नाही त्याच्यासाठी राखून ठेवतात. गावात ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी फायर हॉलसमोर कॉर्न रोस्ट होतो. सगळी टाउनशिप गोळा होते, कणसं भाजतात, पैसे जमतात, त्यातून आगीच्या बंबाला नळी येते. त्यासाठी मका कुणी द्यायचा हे समिती ठरवते, आणि समितीत बसलेल्यांच्या आज्यांनीही त्याच समितीत बसून हेच ठरवलं होतं. ह्या वर्षी मान पहिल्यांदा बाळला मिळाला. फायर चीफ ग्लेन स्वतः घरी येऊन सांगून गेला. त्या दिवसापासून बाळ रस्त्यानं जाताना गाडी हळू चालवायचा, लोकांना नीट दिसावं म्हणून.

आणि आता शनिवारला पाच दिवस उरले होते.

"बी कंचं हुतं?" मर्व्हनं विचारलं.

"घरचं," बाळ छाती काढून म्हणाला. "गेल्या सालचं राखल्यालं."

मर्व्हनं टोपी काढून डोकं खाजवलं. विकतच्या स्वीट कॉर्नचं बी कोण राखतं? कुणी नाही. पण आमच्या आईनं उतरंडीत राखेत घालून बी ठेवलं होतं, तिच्या आईनंही ठेवलं होतं, आणि बाळनं इंजिनं काढता काढता ते विसरायला नकार दिला होता. गेल्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये मला दाणे दाखवत म्हणाला होता, "आक्का, पाकिटातलं बी बघ, म्हातारीच्या गालागत सुरकुतल्यालं. आन माझं बघ कसं टपूरं." मला गालाचा राग आला म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

टपोरं असणारच. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रस्त्यापलीकडं मर्व्हचा दीडशे एकर गुरांचा मका तुऱ्यावर होता आणि वारा पश्चिमेचा, सगळा पराग आमच्याकडं. पेरावं तसं उगवतं म्हणतात. ह्यानं पेरलं त्यात शेजाऱ्याचं उगवलं.

"म्हंजे हा तुजाच मका हाय," बाळ शेवटी म्हणाला.

"निम्मा," मर्व्ह म्हणाला. "माज्या गाई खात्याल. शनिवारी मान्सं येनार हायती."

तो गेला. बाळ तीन एकर मक्यात उभा राहिला, आणि मी त्याला हाक मारली नाही. काही वेळा माणसाला त्याच्या पिकाबरोबर एकटं सोडावं.

दुपारी भाचीचा, बाळच्या लेकीचा, अनुयाचा फोन आला. तिला सगळं ऐकवलं.

"बाबा, सिंपल आहे. मी इथून ग्रोसरीतून कॉर्न ऑर्डर करते. शनिवारी ट्रंकमध्ये घालून आणते. कुणाला कळणार?"

बाळ गप्प बसला. गप्प बसला म्हणजे त्यानं विचार केला. मी त्याची थोरली बहीण आहे, मला त्याचं गप्प बसणं वाचता येतं.

"आण की," मी फोनमध्ये म्हणाले. "वर बारकोडाची चिकटी असंल ती तेवढी काढ. विकतच्या कणसावर पाटीलकी करायची म्हणजे थोडी स्वच्छता हवी."

"आत्या, तू नको मध्ये पडू."

"मी कशाला पडू. मी म्हातारी. मी खाऊन गोड म्हटलं त्याला."

बाळनं फोन ठेवला आणि दोन पोती कणसं तोडून अंगणात ओतली. गुरांची आहेत तर गुरांना घालू म्हणाला. आमच्याकडं गुरं नाहीत, हे त्याच्या लक्षात आणून द्यायची ती वेळ नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी एल्विरा सायकलवरून आली.

एल्विरा पलीकडच्या आडरस्त्यावरच्या ढोबळ्या मिरचीच्या काचघरांत कामाला आहे. ग्वाटेमालाची. तिथला समुद्राकडचा सखल, उकाड्याचा, उसाचा मुलूख तिचा. सेहेचाळीस वर्षांची आहे, दोन नातवंडं आहेत, आणि नऊ वर्षं दर हंगामाला येते. आणखी चारजणींबरोबर मालकाच्या बराकीत राहते. तीन वर्षांपूर्वी पावसात तिच्या सायकलची साखळी आमच्या फाटकाशी तुटली, तेव्हापासून ओळख. ती स्पॅनिश बोलते, मी मॉन्ट्रियलची मोडकी फ्रेंच बोलते, दुधाला आणि दालचिनीला दोघींचे शब्द जवळपास एकच, आणि उरलेलं हातवाऱ्यांवर भागतं. नवरे, सुना आणि मालक यांच्याबद्दल बोलायला एवढं पुरतं. तिचं बोलणंही माझ्या कानात वाळव्याचंच होऊन उतरतं.

गेल्या आठवड्यात मी तिला डब्यातून शिरा दिला होता. तो डबा परत करायला आली होती. रिकामं भांडं परत करू नये ही रीत तिच्याकडंही आहे. डब्यात रेयेनितो होते. पिकलेलं थोराड केळं उकडून कुस्करायचं, त्यात काळ्या घेवड्याचं साखर-दालचिनी घालून परतलेलं पुरण भरायचं आणि अंड्याच्या आकाराचे गोळे तळायचे. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी घेवड्याच्या पुरणाला नाक मुरडलं होतं. हरभऱ्याच्या डाळीत साखर घालणाऱ्या मुलखातली बाई मी, माझं नाक ते केवढं.

अंगणातला ढीग बघून तिनं सायकल तशीच आडवी टाकली. एक कणीस उचललं, सोललं आणि दाण्यात नख रुतवलं. पांढरं दूध उडालं. ते बोटावर घेऊन तिनं चाटलं, आणि डोळे मिटले.

"ह्यो मका कुनाचा?"

"गुरांचा," मी म्हणाले.

"कोन म्हनलं?"

"ज्याच्याकडं गुरं हायती त्यो."

एल्विरा जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, आणि मला कळलं ते हातवाऱ्यावरून. मग ती शांतपणे सांगायला लागली. नऊ वर्षं ती ह्या देशात आतोलासाठी मका शोधत होती. दुकानातला मका गोड मिट्ट, पण त्यात धरायला काही नाही. वाटून शिजवला की साखरेचं पाणी. "तुमच्या हितल्या मक्यात पिठूळपना न्हाई, बाई. नुस्ता गोड. गोड बोलनाऱ्या मान्सावानी. आतोल घट व्हायला मक्याच्या अंगात कायतरी आसावं लागतं."

"आतोल म्हंजे काय?" बाळनं पायरीवरून विचारलं. काल दुपारपासून तो पहिल्यांदा बोलला.

"गप बस आन कनसं सोल," मी म्हणाले.

वीस कणसांचे दाणे सुरीनं उतरवले. मिक्सरमध्ये दुधाबरोबर वाटले. गाळायला तिनं कापड मागितलं, मी बाळचा नवा पंचा दिला. तिनं पिळून चोथा बाजूला काढला आणि पिवळट चीक पातेल्यात घालून चुलीवर ठेवला. दालचिनीची काडी, मिठाची चिमूट. साखर घालणार तेवढ्यात मी गुळाची ढेप काढली. आमच्या लंडनच्या दुकानात आठ डॉलरला मिळते. ती ढेप तिनं हातात घेतली, वास घेतला, आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"पानेला," ती म्हणाली. "माज्या बाचं गुऱ्हाळ हुतं."

माझ्या चुलत्याचंही होतं. तिचा बाप आणि माझा चुलता एकाच धुरात बसले होते, मध्ये फक्त अर्धी पृथ्वी. पळी मात्र ती ढवळतच राहिली, कारण आतोल थांबत नाही. पळी थांबली की तळाला लागतं.

वाफाळता पेला मी हातात घेतला. दाट, मऊ, मक्याच्या कोवळ्या वासाचा. आमच्या थोरल्या काकी गव्हाचा चीक करायच्या, तो घशाखाली उतरताना जसा सगळीकडं थांबत थांबत जातो, तसा हा गेला. बाळनं दोन पेले घेतले. तिसरा घेताना म्हणाला, "आक्का, हे शनिवारी केलं तर?"

"तीनशे माणसांना?"

"मंडळाची पातेली बेसमेंटलाच हायती की."

होती खरी. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची गणपतीची तीन मोठी पातेली आणि दगडी वाटणयंत्र आमच्याकडंच असतं. कारण मंडळातल्या सगळ्यांचे आता कॉन्डो आहेत, आणि भक्ती कॉन्डोत मावते पण पातेलं मावत नाही.

एल्विरानं बोटं मोजली. शनिवारी बारा वाजता त्यांची सुट्टी होते. पाचजणी येतील. रेयेनितोही करतील, दोनशे. आणि चिंचेचं सरबत, कारण कणसं भाजणाऱ्या लोकांना तहान लागते. "पर ढवळायला तुमी," ती बाळला म्हणाली. "आमी वाटू, गाळू. तुमी हलायचं न्हाई."

शनिवार उजाडला तो असा दमट की गुळाला पाणी सुटलं. फायर हॉलच्या आवारात आमची तीन शेगड्यांची रांग लागली. पाच बायका दीडपासून वाटत होत्या, पिळत होत्या, एकमेकींची टर उडवत होत्या. बाळ पातेल्यामागून पातेलं ढवळत होता. चाळीस वर्षं इंजिनं काढली, पण एवढं फिरलेलं इंजिन त्यानं पाहिलं नसेल.

समितीच्या बायकांनी रीतीप्रमाणं कणसंही भाजायला लावली. लोकांनी घेतली, लोणी लावलं, चावली. ह्या देशात अन्न वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. 'डिफरंट' म्हणतात. एकजण 'इंटरेस्टिंग' म्हणाला. म्हणजे तो हॉस्पिटलला निघाला होता. पाच मिनिटांत कचऱ्याच्या पिंपात एकेक घास तोडलेली कणसं अशी शिस्तीत जमली, जणू पेरलीत. बाळ पिंपाकडं न बघता ढवळत राहिला.

मग मर्व्ह आला. दुधाच्या धंद्यातला माणूस, पेल्यात पांढरं-पिवळं दाट काही दिसलं की थांबतो. एक पेला घेतला. मिशी पुसली. दुसरा घेतला.

"ह्यात काय हाय?"

"तुजा मका," बाळ म्हणाला.

"निम्मा," मर्व्ह म्हणाला, आणि आपल्या बायकोला हाक मारायला गेला.

त्यानंतर रांग लागली. आवाराच्या फाटकापर्यंत. म्हाताऱ्या बायका, ज्यांना वीस वर्षांत कुणी कणीस चावताना पाहिलं नव्हतं, पेले घेऊन सावलीत बसल्या. रेयेनितो अर्ध्या तासात संपले. 'आत काय आहे?' म्हणून विचारणाऱ्याला मी 'घेवडा' सांगितलं नाही. खाऊन झाल्यावर सांगितलं. चिंचेच्या सरबतानं दोन पोरं रडली, मग परत मागायला आली.

पाच वाजता ग्लेन ओट्यावर चढला. हातात माइक आणि फायर डिपार्टमेंटची लाल टोपी. ही टोपी गावातल्यांनाच मिळते.

"आमचा शेजारी बाळ," तो म्हणाला, "ह्यानं आज आपल्याला त्याच्या देशाचं, भारताचं, शेकडो वर्षांचं पेय पाजलं. पुढच्या वर्षापासून बाळ मक्याच्या समितीत."

टाळ्या झाल्या. बाळ ओट्यावर गेला. टोपी घातली. मी त्याचा चेहरा बघत होते. शाळेत पहिला आला होता तेव्हाचा चेहरा तो. आता बोलेल, मी मनात म्हणाले. ग्लेननं माइक पुढं केला.

"थँक यू," बाळ म्हणाला. "हो. आमच्याकडं खूप जुनं आहे ते."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. हे कुत्रं माझ्या आईच्या पोटचं होतं, आणि वर टोपी घालून होतं.

तो टोपी सावरत खाली आला तेव्हा एल्विरा नळाशी पातेली घासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नऊ वर्षांत ऐकण्यापुरतं इंग्रजी येतंच. तिनं मान वर केली नाही, फक्त तिसरं पातेलं त्याच्यापुढं सरकवलं. तळाला बोटभर काळी खरपुडी लागली होती. टोपी घ्यायला गेला तेव्हा पळी थांबली होती.

"तुमच्या घरात लई जुनं हाय न्हवं ह्ये," ती म्हणाली. "मग लागल्यालं कसं सोडवायचं त्ये ठावं आसंल."

बाकीच्या चौघी हसल्या नाहीत. ते जास्त वाईट.

बाळनं घासणी घेतली. बसला. घासलं. टोपी डोळ्यांवर यायला लागली, ती त्यानं मागं केली, परत घासलं. मी तिथंच खुर्ची ओढून बसले आणि एक शब्द बोलले नाही. त्याला बोलून सुधारायचा प्रयोग मी सत्तर वर्षं केलेला आहे.

थोड्या वेळानं तो उठला, ओल्या हातानंच ओट्यावर चढला. ग्लेन सोडतीची चिठ्ठी काढत होता. त्याच्या हातातून बाळनं माइक घेतला.

"मी मघाशी खोटं बोललो," तो म्हणाला. "हे आमचं नाही. ग्वाटेमालाचं आहे. हे एल्विरानं केलं. माझा मका वाया गेला होता, तिनं वाचवला. टोपी तिची आहे."

लोक आपापल्या पेल्यात बघायला लागले. इथं लोक खोटं बोललं तर माफ करतात. सगळ्यांदेखत खरं बोललं की अवघडतात.

"एल्विरा कोण?" पुढच्या रांगेतून समितीच्या एका बाईनं विचारलं.

"माज्याकडची एक पोरगी," काचघरांचा मालक मागून म्हणाला. मग त्यानं नळाकडं नीट बघितलं. "तुला सैपाक येतो? नऊ वर्सांत कवा बोलली न्हाईस."

दोन नातवंडांच्या आजीनं हात पुसले. "तुमी कवा इचारलं न्हाईत," ती इंग्रजीत म्हणाली, आणि पेले गोळा करायला लागली.

आधी मर्व्ह हसला. मग सगळे. मालकही हसला, त्याला दुसरा मार्ग नव्हता. टोपी एल्विरानं घेतली, मापात बसते का बघितली, आणि सायकलच्या टोपलीत टाकली.

समितीचं काय झालं म्हणाल, तर 'आम्ही कळवू' असं त्यांनी बाळला सांगितलं. ह्या देशात 'आम्ही कळवू' म्हणजे काय, ते मी मॉन्ट्रियलमध्ये नोकरी शोधताना दोन भाषांत शिकले आहे. डिसेंबर गेला, बर्फ शोव्हल करून झाला, मार्च गेला. बाळनं पत्रपेटी रोज बघितली. मी बघितली नाही असं नाही.

एप्रिलात एल्विरा परत आली. मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं तशी बाळनं पेरायची तयारी केली. या वेळी मका आतोलाचाच, रस्त्याला लागून, मर्व्हच्या तुऱ्यांचा वारा लागावा म्हणून. पलीकडं मर्व्हचं पेरणीयंत्र दोन तास आधीच शेताशी येऊन उभं होतं. बाळला घाई सुटली. मी सकाळीच म्हणाले होते, माती अजून गार आहे, थांब. आक्काचं ऐकायचं नाही हा त्याचा जन्मापासूनचा नियम.

रविवार होता म्हणून एल्विरा आली होती. ती वाकली, मूठभर माती उचलली, दाबली. गोळा झाला. अंगठ्यानं ढकलला तरी फुटला नाही. तिनं तो बाळच्या हातात दिला आणि चार बोटं दाखवली.

"चार दीस," ती म्हणाली. "आत्ता टाकलं तर कुजंल."

बाळनं यंत्र बंद केलं. वाद नाही, हिशेब नाही, हवामानाचा तक्ता नाही. मी बघतच राहिले.

रस्त्यापलीकडून मर्व्हनं ट्रॅक्टर थांबवला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"काय म्हंती ती?"

"चार दीस थांबा म्हंती."

मर्व्हनं आभाळाकडं बघितलं. मग एल्विराकडं. मग स्वतःच्या दीडशे एकरांकडं, जिथं त्याचा बाप आणि आजा कुणाला न विचारता पेरत आले होते. खाली उतरून त्यानंही मूठभर माती दाबली, जरा वेळ हातात धरली आणि ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात घातली.

पुढं चार दिवस आमच्या रस्त्यावर कुणी पेरलं नाही. समितीला कुणी विचारलंसुद्धा नाही.